फडताळातली बरणी

मधाचा नाद ज्याला एकदा लागला, त्याचे लक्ष भाकरीवरच्या मधावरून पोळ्याकडे आणि पोळ्यावरून जखमेकडे कधी वळते हे त्याचे त्यालाही उमगत नाही. मला हा नाद लागून वीस वर्षे उलटली असून घरची मंडळी आता त्याबद्दल कुरकुरतही नाहीत.

इतिहास थोडक्यात आटोपतो. सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आणि व्रणोपचारात मधुघृताची योजना केली. इजिप्तच्या प्राचीन पपायरसातही जखमेवर मध बांधण्याची शिफारस आहे. पुढे प्रतिजैविकांचा अंमल सुरू झाला आणि मध दवाखान्यातून स्वयंपाकघरात परतला.

मला खरा मोह आहे तो पुढच्या कैफियतीचा. मध जखमेवर घट्ट बसतो, त्यातली साखर जंतूंचे पाणी शोषून घेते आणि त्याची आम्लता त्यांना मानवत नाही, एवढे तर कोणीही सांगेल. परंतु मकरंदाचा मध करताना माशी आपल्या ग्रंथींतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एक विकर त्यात मिसळते, आणि ते पक्व, दाट मधात जवळजवळ निद्रिस्त राहून जखमेतल्या स्रावाने मध पातळ होऊ लागला की जागे होते व हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे, सावकाश निर्माण करीत राहते, ही गोष्ट मला अजूनही एखाद्या कादंबरीसारखी वाटते. जखम स्वतःच आपल्या औषधाला हाक मारते म्हणा ना! अमेरिकन संशोधकांनी १९६३ साली हे कोडे उलगडले. न्यूझीलंडच्या मानुका मधाची तऱ्हा मात्र निराळी; त्याची मुख्य भिस्त मिथाइलग्लायॉक्झलवर.

आपल्याकडचा दाखला सोलापूरचा. तेथील वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना मधाची व निम्म्यांना सिल्व्हर सल्फाडायझिनची पट्टी बांधली आणि १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले : सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा निर्जंतुक झाल्या, दुसऱ्या गटातील केवळ ७ टक्के; पंधरा दिवसांत भरलेल्या जखमा अनुक्रमे ८७ आणि १० टक्के. इतका एकतर्फी निकाल पाहिला की माझ्यातला संशयी कारकून जागा होतो. तथापि २०१५ सालच्या कॉक्रेन समीक्षेनेही, त्वचेची पूर्ण जाडी न जळालेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात, असा निर्वाळा दिला.

म्हणून कोणी भाजल्याबरोबर बाटली उपडी करू नये. आधी वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी. नंतर मध जखमेवर ओतण्याऐवजी गॉजवर पसरून पट्टी बांधावी, आणि ती स्रावाने भिजली की बदलावी. खोल किंवा चेहऱ्यावरचे भाजणे, मधुमेह्याच्या पायाची जखम, ही डॉक्टरांची कामे. औषधी मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू असू शकतात, आणि मध तापवून ते मारू म्हटले तर विकराचाच बळी जातो.

महाबळेश्वरजवळच्या मांघर या मधाच्या गावी गेलो, तेव्हा एका वृद्ध मधपाळाने सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेटीतली चौकट उन्हाकडे धरून मेणाने बंद झालेली घरे मला दाखवली आणि म्हणाले, "साहेब, माशीनं झाकण लावलं की मध पिकला, त्याआधी काढला तर आंबतो." मग सुरीने झाकणे खरवडून त्यांनी बोटभर मध माझ्या तळहातावर ठेवला. जांभळाचा होता, किंचित तुरट.

उजेडानेही हे विकर मावळते, हे मला पुष्कळ उशिरा वाचनात आले. आमच्या आजीची मधाची बरणी माजघरातल्या अंधाऱ्या फडताळात, डाळींच्या डब्यांमागे असे, आणि तव्याचा चटका बसला की तीच बाहेर निघे. विकराची तिला वार्ताही नव्हती. बरणी आम्हां पोरांपासून लपवलेली होती, आणि लपवूनही दर महिन्याला दोन बोटे कमी होत असे.