एका आडनांवाचा प्रवास

आपल्याकडे तळेगांवकर, चाकणकर अशा आडनांवांवरून घराण्याचें मूळ गांव कळतें, आणि सुतार, कुलकर्णी यांवरून धंदा किंवा वतन कळतें. स्कॉटलंड देशांतही हीच रीत आहे. परंतु तेथील कांहीं आडनांवांच्या मुळाशीं गांव नाहीं व धंदाही नाहीं; तेथें भक्ति आहे. 'माल्कम' हें त्यांपैकीं एक असून त्याचा प्रवास आपल्या बोरघाटापर्यंत येऊन पोहोंचतो.

इ. स. ५६३ मध्यें कोलंबा नांवाचे साधुपुरुष आयर्लंडांतून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयोना बेटावर आले. तेथें मठ स्थापून त्यांनीं शुभवर्तमानाचा प्रसार केला. गेलिक भाषेंत 'माएल' म्हणजे मुंडन केलेला, अर्थात् शिष्य, व 'कोलम' म्हणजे कोलंबा. यावरून 'माल्कम' म्हणजे कोलंबाचा दास. आपल्याकडील 'रामदास' या नांवांत जो भाव आहे तोच येथें आहे. ह्या नांवाचे चार राजे स्कॉटलंडच्या गादीवर बसले. राजानेंही दासाचें नांव धारण करावें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पुढें हेंच नांव कित्येक घराण्यांचें आडनांव झालें.

त्यांपैकीं एका घराण्यांतील रॉबर्ट माल्कम हे पाळक फाइफ परगणा सोडून दक्षिण सीमेवरील डोंगराळ मुलखांत, एस्क नदीच्या खोऱ्यांत येऊन राहिले. त्यांचा नातू जॉन याचा जन्म १७६९ सालीं बर्नफुट येथें झाला. भावंडें सतरा आणि संसार शेतीवर. म्हणून मुलांस लहानपणींच परमुलखीं जावें लागलें. जॉन चौदाव्या वर्षीं, १७८३ सालीं, कंपनीच्या चाकरींत मद्रासेस आला. त्याचा भाऊ चार्ल्स पुढें मुंबईच्या आरमाराचा मुख्य झाला.

जून १८१८ मध्यें दुसरे बाजीराव शरण आले ते ह्याच जॉन माल्कमसाहेबांस. सालीना आठ लक्ष रुपयांच्या तनख्यावर पेशव्यांस ब्रह्मावर्तास जावें लागलें. दासाचें नांव धारण करणारा मनुष्य येथें धनी होऊन आला होता, हें मावळच्या मुलांनीं विसरूं नये. १८२७ ते १८३० पर्यंत माल्कमसाहेब मुंबईचे गव्हर्नर होते. तोंवर खोपोलीहून खंडाळ्यास माल चढे तो बैलांच्या पाठीवरून. त्यांच्या कारकीर्दींत घाटांत गाडीरस्ता तयार होऊन १८३० च्या नोव्हेंबरांत तो खुला झाला. पुढें १८६३ सालीं आगगाडीही घाट चढूं लागली आणि लोणावळ्याची भरभराट झाली.

महाबळेश्वरीं वसलेल्या वस्तीस 'माल्कम पेठ' म्हणत. आतां तें नांव क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. ज्या राज्यासाठीं माल्कमसाहेब झटले तें १९४७ सालीं संपलें. परंतु घाटाची वाट अद्यापि कोंकणांतल्या व देशावरच्या लोकांच्या उपयोगीं पडत आहे. दास हा त्या नांवाचा अर्थ आपल्या मुलखांत खरा ठरला तो एवढ्या एका रस्त्यापुरता.

विद्यार्थ्यांनो, आपलें आडनांव कोठून आलें हें घरच्या वडील माणसांस विचारा व वहींत टिपून ठेवा. नांव पूर्वजांकडून मिळतें. त्याचा अर्थ खरा करणें मात्र ज्याच्या त्याच्या हातीं असतें.