सोळा रंगांची चित्रं, फोनच्या तारेवरून

कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर चित्र काढायचं म्हणजे हाताशी मोजून १६ रंग. त्यातही बहुरंगी मोडमध्ये ४ बाय ८ पिक्सेलच्या प्रत्येक चौकटीत फक्त ४, आणि त्यातला एक अख्ख्या चित्राला सामाईक! गालावर पाचवी छटा टेकवायला जावं, तर शेजारचं नाकच रंग बदलायचं. ही झटापट मला आजच्या कोट्यवधी रंगांपेक्षा जास्त भावते.

१९८५ मध्ये अमेरिकेत क्वांटम लिंक ही कमोडोरसाठीची ऑनलाइन सेवा सुरू झाली, आणि अशी चित्रं या घरातून त्या घरात जाऊ लागली. कोआलापेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमची फाइल जेमतेम १०,००० बाइट्सची, पण ३०० बॉडच्या मोडेमवर तेवढीच उतरवायला निदान साडेपाच मिनिटं. तोवर घरचा फोन अडकलेला! सोमवार ते शुक्रवार सेवा मिळायची तीही संध्याकाळनंतरच. ही सेवा चालवणाऱ्या कंपनीनं १९९१ मध्ये नाव बदललं: अमेरिका ऑनलाइन.