खड्डा रस्त्यात, थरथर घरात

वाहतुकीमुळे इमारती हादरतात, त्यामागे वाहनाच्या वजनाइतकाच, किंबहुना जास्तच, रस्त्याचा उंचसखलपणा असतो. सपाट डांबरी रस्त्यावरून बस गेली तरी घरात सहसा कळत नाही. खड्डा, गतिरोधक, खचलेले चेंबरचे झाकण किंवा केबलसाठी खणून कसाबसा बुजवलेला चर आला, की चाक आदळते. अशा वेळी वाहनाचा वरचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला 1 ते 3 वेळा हलतो. आस आणि चाके मात्र सेकंदाला 10 ते 15 वेळा उसळतात. घरांना त्रास होतो तो मुख्यतः या दुसऱ्या कंपाचा. मोटारींपेक्षा बस-ट्रक त्यासाठी अधिक जबाबदार असतात.

हा धक्का जमिनीतून प्रामुख्याने पृष्ठलहरींच्या रूपाने पसरतो. भूकंपातही आढळणाऱ्या या लहरींचे गणित लॉर्ड रॅले यांनी 1885 मध्ये मांडले. त्या भूपृष्ठालगतच राहत असल्याने अंतरागणिक हळूहळूच क्षीण होतात. कातळावर त्यांचा जोर कमी असतो. गाळाच्या किंवा खाडी बुजवून केलेल्या जमिनीवर तो वाढतो.

इमारतीत शिरताना पाया हा कंप काहीसा दाबतो, पण मजले तो पुन्हा वाढवतात. जुन्या वाड्यातला लाकडी तुळयांचा मजला किंवा लांब गाळ्याचा स्लॅब स्वभावतःच चाकांच्या कंपाशी जुळणाऱ्या गतीने हलू शकतो. तसे जुळले, की खोलीच्या मध्यभागी कंप पायाच्या कितीतरी पट होतो आणि मांडणीवरच्या कपबश्या किणकिणू लागतात. खिडक्यांची गोष्ट वेगळी. सिग्नलला थांबलेल्या बसच्या इंजिनाची खर्जातली घरघर हवेतूनच तावदाने थरथरवते. तावदान हलत असताना फरशी स्वस्थ असेल, तर दोष बहुधा जमिनीचा नसतो.

कंपाची तीव्रता सेकंदाला किती मिलिमीटर अशी मोजतात. साधारण 0.15 ते 0.3 मिलिमीटरलाच माणसाला तो जाणवतो. जर्मन मानक 4150 मात्र अल्पकालीन मंद कंपांसाठी निवासी इमारतींच्या पायाशी 5 आणि नाजूक वारसा वास्तूंसाठी 3 मिलिमीटरपर्यंत मुभा देते. म्हणजे झोपमोड झाली म्हणून भिंत धोक्यात आली, असे होत नाही. दख्खनच्या काळ्या मातीवरील घरांना पडणारे तडे पुष्कळदा त्या मातीचेच असतात: ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि नाव ट्रकचे होते. तरीही आधीच ताणाखाली असलेल्या भिंतीला हादरा निमित्त ठरू शकतो, शिवाय पायाखालचा सैल वाळूचा भराव सततच्या कंपाने खचू शकतो.

सर्वांत स्वस्त उपाय रस्त्यावरच आहे: खड्डे नीट भरणे, झाकणे पातळीत बसवणे, जड वाहनांचा वेग घटवणे. त्यासाठी दारापुढेच उंच गतिरोधक घातला, तर मात्र दुखणे वाढते. रस्ता आणि घर यांच्यामध्ये चर खणण्याची सूचना नेहमी होते. पण मऊ जमिनीत लहरीचा वेग सेकंदाला 150 मीटर आणि कंप सेकंदाला 12 धरला, तर एका लहरीची लांबी साडेबारा मीटर भरते. तिला अडवायला चर काही मीटर खोल हवा. दाट वस्तीत ते क्वचितच जमते. नव्या इमारती रबरी आधारांवर उभारता येतात. जुन्या घरात मजल्याला जादा तुळई देऊन तो ताठ केला, तर त्याची लय चाकांच्या लयीपासून दूर नेता येते.