पाटावर जायची पाळी

पहाटे 4:50

"ताई, लाल दिवा लागलाय."

पलीकडचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत दुसरा फोन वाजायला लागला. गावाला नेट पुरवते, म्हणून उशाशी लॅपटॉप होताच. एका पोर्टवरची सगळी घरं एकदम काळी झाली होती. एका घरातल्या नेटच्या डब्यावर लाल दिवा असेल तर उंदराने वायर कुरतडलेली असते, नाहीतर कुणीतरी कपाट सरकवलेलं असतं. एकेचाळीस घरांत एकाच मिनिटाला लागला तर केबल रस्त्यावर तुटलीय.

जानेवारी महिना, गळीत हंगाम. कासारसाईच्या रस्त्यावर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालतात. मोळ्या वरपर्यंत रचलेल्या असतात, आणि कुठे केबल जरा लोंबकळत असली की उसाचं वाढं तिला अडकतं. ड्रायव्हरचा दोष नाही. वळणावरचा पोल गेल्या आठवड्यात कलला होता, केबल तेव्हाच ताणून घ्यायला हवी होती.

5:30

आमचा लाईनमन आधीच पोचला होता. धरणावरून येणारं धुकं, अंगात स्वेटर, आणि मोटारसायकलच्या दिव्यापुढे उघडलेली स्प्लायसिंगची पेटी. लोक म्हणतात नेट हवेतून येतं. ते येतं एका काचेच्या तंतूतून. त्याचा बाहेरचा व्यास 125 मायक्रॉन, म्हणजे जाड केसाएवढा, आणि प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो जेमतेम 9 मायक्रॉनचा. बारा तंतू, बारा रंग: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, पुढे ओळीने. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटच्या कापसाने तंतू पुसायचा, क्लीव्हरने टोक काटकोनात कापायचं आणि दोन्ही टोकं मशीनच्या खाचेत ठेवायची. पडद्यावर दोन जाडजूड खांब एकमेकांकडे सरकताना दिसतात, मध्ये ठिणगी पडते, खांब एक होतो. खाली आकडा येतो, 0.02 डेसिबल. एवढाच प्रकाश सांध्यात वाया गेला. दव पडत असलं की आकडा बिघडतो, मग तोडायचं आणि परत जोडायचं. नारिंगी तंतू तीनदा करावा लागला.

पोलावर वीस फुटांचा लूप सोडलेला होता म्हणून एका जॉइंटवर भागलं. पाचव्या तंतूनंतर लाईनमनने एका घरी फोन करून विचारलं, "काकू, हिरवा झाला का?" झाला होता. मीटरवर प्रकाशाची पातळी मायनस 19. मायनस 27 च्या खाली गेलं की नेट तुटक तुटक यायला लागतं.

7:15

चहा. मुलीचा डबा. सासूबाईंनी विचारलं, "परत ऊस का?"

9:30

ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली. एक रॅक, दोन सर्व्हर (त्यातला एक हिंजवडीतल्या एका कंपनीने मोडीत काढलेला), बॅटऱ्या आणि टेबलफॅन. इथे चालतं ते जवळपास सगळं मुक्त सॉफ्टवेअर आहे. सर्व्हरवर डेबियन, म्हणजे 1993 पासून जगभरच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेलं लिनक्स. कोण ग्राहक, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, त्याला किती वेग द्यायचा, हे फ्री-रेडियस बघतं. तेही 1999 पासून चालू आहे. कुठलं उपकरण जागं आणि कुठलं झोपलेलं हे लिब्रे-एनएमएस सांगतं, आणि घड्याळं जुळवतं क्रोनी.

घड्याळाची गोष्ट कुणाला क्षुल्लक वाटेल. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, सर्ट-इनचा, 28 एप्रिल 2022 चा आदेश आहे: लॉग 180 दिवस जपा, सायबर घटना सहा तासांत कळवा, आणि सर्व्हरची घड्याळं राष्ट्रीय वेळेशी जुळलेली ठेवा. दोन सर्व्हरांच्या वेळेत चार सेकंदांचा फरक असला तर आधी काय घडलं आणि नंतर काय, तेच सांगता येत नाही. म्हणून सकाळी बसल्या बसल्या मी पहिल्यांदा वेळेचा फरक बघते.

आधी आम्ही बिलिंगसाठी एक विकतचं सॉफ्टवेअर वापरायचो. ते बनवणारी कंपनी एक दिवस फोन उचलेनाशी झाली. परवान्याची मुदत संपली, प्रोग्राम उघडेना, आणि आमच्याच ग्राहकांची नावं त्याच्या बंद फाईलमध्ये अडकली. पावतीपुस्तकांवरून सगळी यादी पुन्हा टाइप करायला अकरा रात्री लागल्या. तेव्हापासून एक नियम केलाय: जे उघडून बघता येत नाही त्याच्यात गावाचा हिशेब ठेवायचा नाही. केबलच्या या टोकाला जे प्रकाश सोडणारं यंत्र आहे त्याचं आतलं सॉफ्टवेअर बंदच आहे, तिथे मला पर्याय मिळालेला नाही. पण वही आपल्या भाषेत आणि आपल्या हातात हवी.

11:00

सकाळचे फोन ओसरले की मी लॉग वाचते. आमच्या धंद्यात सगळ्यात लाडका सल्ला म्हणजे "बंद करून चालू करा". त्याने काम होतं हे खरं. पण का बिघडलं होतं ते त्या बंद करण्याबरोबरच पुसलं जातं, आणि आठवड्याने तेच परत येतं. मी नव्या मुलांना सांगते, आधी बघा, लिहा, मग हात लावा.

यासाठी मी त्यांना आंद्रेस फ्रॉइंड यांची गोष्ट सांगते. मार्च 2024. हे गृहस्थ पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते. एका चाचणीत त्यांच्या लक्षात आलं, की दूरच्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. ते खणत गेले आणि एक्सझेड नावाच्या, फाईल दाबून लहान करणाऱ्या साध्या प्रोग्रामात लपवलेला चोरदरवाजा त्यांना सापडला. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत तो होता. डेबियनच्या चाचणीच्या शाखेपर्यंत तो पोचलाही होता, माझ्या सर्व्हरवरच्या स्थिर शाखेत अजून यायचा होता. 29 मार्चला त्यांनी सगळं जाहीर केलं. फ्रॉइंड यांना आतलं उघडून बघता आलं म्हणून तो सापडला. बंद पेटीत तो अर्धा सेकंद "जरा स्लो आहे" म्हणूनच राहिला असता.

पण या गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त छळते. तो प्रोग्राम वर्षानुवर्षं एकटे लासे कॉलिन सांभाळत होते, पगाराविना, फावल्या वेळात. थकले होते, तब्येतीचं सांगत होते. आणि लोक त्यांना लिहीत होते: इतका उशीर का, जमत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्या रेट्यात "जिया टॅन" नावाने वावरणारं कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून, खरंखुरं काम करून भागीदार झालं आणि मग दरवाजा बसवला. चोराला वाट मिळाली ती एका माणसाच्या थकव्यातून. 2014 मध्ये ओपन-एसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं भगदाड उघड झालं तेव्हाही तेच दिसलं होतं. अर्ध्या जगाचे व्यवहार ज्या कुलपामागे चालत, त्याला वर्षाला साधारण 2,000 डॉलर देणग्या मिळत होत्या.

अशा वेळी मला माहेरचा पाट आठवतो. माझं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं. आमच्याकडे फड पद्धत होती, तीन-चारशे वर्षांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शेतांचे फड. पाणी कुणाच्या मालकीचं नाही, सगळ्या फडाचं. पाटकरी पाळीने पाणी सोडायचा, जागल्या पीक राखायचा, दोघांना सगळे मिळून धान्य द्यायचे. आणि दरवर्षी पाटातला गाळ काढायला घरटी माणूस यायचंच. ज्याला येणं जमलं नाही त्याने त्याबदली पैसे भरायचे. वडील एकदा तापातून उठून फावडं घेऊन गेले होते, कारण त्या वर्षी आमच्याकडून दुसरं कुणी नव्हतं.

कॉलिन हे त्या पाटाचे पाटकरी होते. पाणी सगळ्या जगाने घेतलं, धान्याची पाटी मात्र कुणी नेऊन दिली नाही, आणि गाळ काढायला कुणीच आलं नाही.

हे पाणी फुकट नव्हे, मुक्त आहे, आणि हे सांगायला मराठीत आपल्याला एक सोय आहे. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द, म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांना 1983 मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केल्यापासून तो फरक समजावत फिरावं लागलं. आपल्याकडे दोन वेगळे शब्द असूनही आपण सर्रास "फुकटचं सॉफ्टवेअर" म्हणतो. मला हे लागतं.

2:30

शाळेत. कॉम्प्युटरच्या खोलीत आठ जुने संगणक, सगळ्यांवर लिनक्स. केरळच्या सरकारी शाळांत हे कधीपासून चाललंय, आपल्याकडे अजून नवल वाटतं. सरांनी जुन्या फाँटातली प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर आणली होती. उघडली तर अक्षरांच्या जागी चिन्हांची रांगोळी. ती युनिकोडमध्ये बदलून दिली आणि लोहित फाँट लावला. हा संच आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला, रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली सगळ्यांसाठी खुला केलेला. सरांना हे माहीत नव्हतं. पाचवीच्या एका मुलीने इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वतःचं नाव टाइप केलं, 'ज्ञ' कसा काढायचा हे तिचं तिने शोधलं, आणि मग शेजारणीला दाखवलं.

4:45

एका नव्या सोसायटीत राउटर बसवायला. घरमालक हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये मोठ्या हुद्द्यावर. मनाने चांगला माणूस. म्हणाला, "मॅडम, हे सगळं क्लाउडवर का नेत नाही? किती दिवस सर्व्हर सांभाळणार?" मी म्हटलं, सर, सकाळी केबल तुटली होती. सगळं बाहेर असतं तर गावातल्या गावात कोण चालू आणि कोण बंद, हे बघायलाही मला बाहेरच जावं लागलं असतं, आणि बाहेरचीच वाट बंद झाली असती तर? तीनशे घरांना जे पुरतं ते तीन कोटींच्या कंपनीच्या मापाने शिवायचं कशाला?

मग त्याच्याच फोनमध्ये त्याला एक पान दाखवलं. सेटिंग्ज, फोनविषयी, कायदेशीर माहिती, ओपन सोर्स परवाने. तो बोटाने पान सरकवत राहिला. संपेना. वीस वर्षं या क्षेत्रात असून हे पान त्याने कधी उघडलं नव्हतं. "इतके लोक?" एवढंच म्हणाला.

8:30 ते 10:30

सगळं गाव ऑनलाइन. आलेख चढतो आणि वरच राहतो. या दोन तासांत मी कशालाही हात लावत नाही.

रात्री 1:30

आता गाव झोपलंय. सुरक्षेचे अपडेट नेहमी या वेळी. आधी मोडीतल्या सर्व्हरवर, थोडा वेळ वाट बघून मग मुख्य सर्व्हरवर. काय बदललं, परत फिरवायचं झालं तर कसं, हे आधी वहीत लिहून. 1:52 ला सगळं जागेवर आलं.

झोपण्याआधी अर्धा तास माझ्या पाळीचा. पैसे फार देता येत नाहीत. वर्षाच्या शेवटी दोन प्रकल्पांना थोडे पाठवते, ते खर्चाच्या वहीत डिझेलच्या खाली लिहिलेले असतात. बाकी हाताने. गेल्या वर्षभरात फ्री-रेडियसची मांडणी, लॉग ठेवणं, घड्याळ जुळवणं, केबल जोडणं, हे गावच्या ऑपरेटरला समजेल अशा मराठीत लिहीत आणलंय, मुक्त परवान्याखाली, कुणीही घ्यावं, बदलावं, छापावं. नऊ प्रकरणं झालीत. पोलावरचं अर्थिंग आणि विजेपासूनचं संरक्षण हे दहावं मला नीट जमत नाहीये, आणि चुकीचं लिहिलं तर जीव जाईल. ज्यांनी आयुष्य वायरमनकीत घालवलंय असं कुणी हे वाचत असेल, तर ते प्रकरण लिहायला या.