फॉरमॅट करण्याआधी थांबा!

विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकलं, की कधीकधी विंडोज म्हणतं, 'ही डिस्क आधी फॉरमॅट करा.' 'हो' म्हणू नका.

आमच्या बोगादीकडे मोकळ्या जमिनीवर लेआउट पडतात, तसंच डिस्कचं असतं. पार्टिशन म्हणजे आखलेला प्लॉट आणि पार्टिशन टेबल म्हणजे लेआउटचा नकाशा. जुन्या एमबीआर नकाशात मुख्य प्लॉट फक्त ४. जीपीटीत साधारण १२८. प्लॉटच्या आतली मांडणी म्हणजे फाइलसिस्टिम: विंडोजची एनटीएफएस, लिनक्सची बहुधा ईएक्सटी४. विंडोजला ही दुसरी मांडणी सहसा वाचता येत नाही, म्हणून ते फॉरमॅट सुचवतं. तुमचे फोटो मात्र तिथेच असतात. फॉरमॅट केलंत, तर जुन्या मांडणीवर नवी लिहिली जाते.

बूटलोडर हा ऑपरेटिंग सिस्टिमला उठवणारा छोटा प्रोग्राम. यूईएफआय संगणकात तो वेगळ्या, बहुधा फॅट३२ पार्टिशनमध्ये राहतो. नुसता तोच बिघडला, तर संगणक सुरू होत नाही, पण फाइली शाबूत असतात. अशा वेळी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा, फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि मगच दुरुस्तीला हात घाला. बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आजच लिहून ठेवा.