आधी हात, मग नजर

डिसेंबरच्या सुरुवातीचा गुरुवार. हेलसिंकीतल्या एका शाळेत हस्तकला शिकवणाऱ्या शिक्षिकेचा हा दिवस.

सकाळी ७.४५ : बाहेर काळोख. सूर्य नऊनंतर उगवणार. दिवे लावून ती कानशी, पत्र्याच्या कात्र्या, संरक्षक चष्मे मोजून ठेवते.

८.१५ : सातवीचा वर्ग. मुलं तिला नावानंच हाक मारतात. उनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहामुळे फिनलंडच्या शाळांत १८६६पासून हस्तकला आहे. आज सातवीपर्यंत ती सक्तीची आहे. लाकूड, धातू, कापड हे सगळं मुलगे-मुली दोघांनाही शिकावं लागतं. आज तांब्याची नळी वाकवायची आहे. पहिली नळी चेपते. शिक्षिका ती हातात घेत नाही. ‘आत वाळू भरून बघ,’ एवढंच सांगते. दुसरी नळी छान गोलाईत वळते. चेपलेली टाकून द्यायची नाही. तास संपताना दोन्ही शेजारी ठेवून फरक सांगायचा.

१०.४५ : जेवण. गुरुवार, म्हणजे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. १९४८पासून इथं शाळेतलं जेवण सर्वांना मोफत मिळतं.

दुपारी १२ : वर्ग तोल्यो भागातल्या सिबेलियस उद्यानात येतो. समोर शिल्पकार एइला हिल्टुनेन यांनी घडवलेलं सिबेलियस यांचं १९६७चं स्मारक : पोलादाच्या सहाशेहून अधिक पोकळ नळ्या, वजन २४ टन. हा आराखडा निवडला गेला तेव्हा वाद पेटला होता. यात संगीतकार सिबेलियस आहेत तरी कुठे, असं लोक विचारत होते. अखेर शेजारी त्यांचा चेहरा बसवावा लागला.

मुलं हा प्रश्न विचारत नाहीत. ती नळ्यांखाली उभी राहून वर बघतात. जोड कुठे आहेत? कडा अशा फाटक्या का ठेवल्या? मग शिक्षिका सांगते, की हिल्टुनेन यांनी काही वर्षं खपून हे वेल्डिंग स्वतः केलं आणि त्या धुरानं त्यांच्या तब्येतीला कायमचा त्रास झाला. मुलं गप्प होतात. एक मुलगी हातमोजा काढून गार पोलादावर क्षणभर तळवा टेकवते.

३.१५ : सूर्य मावळतो. कार्यशाळा झाडून ती प्रत्येकाच्या वहीत दोन ओळी लिहिते. त्या मुलीच्या वहीत सकाळच्या चेपलेल्या नळीचं चित्र आहे आणि शेजारी स्मारकातली एक नळी.

आधुनिक शिल्प कळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. आपल्या शाळांतही मुलांच्या हाती कानस द्या, एक नळी द्या आणि ती चेपली तर चेपू द्या. शिल्पापुढे उभं राहिल्यावर काय विचारायचं, ते त्यांचे हातच त्यांना सांगतील.