दार का अडते, आधी ते पाहा

पावसाळा लागला की जुन्या घरांची बाहेरची दारे अडू लागतात. खांदा लावल्याशिवाय उघडत नाहीत आणि आपटल्याशिवाय लागत नाहीत. उन्हाळ्यात मात्र त्याच दाराच्या फटीतून बोट जाते. आम्ही देवळाली प्रवरेचे. आमच्या गावठाणात मातीत बांधलेली दगडविटांची घरे अजून आहेत आणि त्यांतल्या अनेकांची हीच तक्रार असते. माणसे वर्षानुवर्षे सोसतात, मग एक दिवस वैतागून बाजारातून नवे दार आणतात. दोन पावसाळ्यांत तेही अडू लागते.

हा नुसत्या गैरसोयीचा प्रश्न नाही. गेल्या वर्षी मृगाच्या पावसात आमचे दार असे बसले की घरात एकट्या असलेल्या अम्मींना ते उघडेना. अम्मी वॉकर धरून चालतात. दार ओढायला दोन्ही हात लावावेत तर वॉकर सुटतो. शेजारच्या मुलाने त्यांना बाजूला व्हायला सांगितले आणि बाहेरून धक्का दिला, तेव्हा दार उघडले. त्या वेळी घरात गॅस गळत असता किंवा विजेच्या तारेने पेट घेतला असता तर? शिवाय आमचा मुलूख उसाचा. पावसात दाराखालच्या फटीतून विंचू येतो, कधी सापही येतो.

दार अडण्याची कारणे दोन. पहिले लाकडाचे. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दार बाजूला घासते. दुसरे कारण जमिनीचे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जुन्या घरांचा पाया उथळ असतो. माती एका कोपऱ्याला जास्त आणि दुसऱ्याला कमी हलली की भिंत कलते आणि भिंतीबरोबर चौकट. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांनी हा भाग हिरवा केला, पण पाण्याबरोबर जमिनीत ओलही वाढली. ती भिंतीत चढते, लोणा लागतो आणि चौकटीचे पाय कुजतात.

तेव्हा आधी दोष कुठे आहे ते शोधावे. चौकटीच्या दोन्ही बाजूंना ओळंबा सोडा. मग दोरीने चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर चौकट गुण्यात आहे आणि दोष कवाडात किंवा बिजागरीत आहे. कडीकडचा खालचा कोपरा उंबरठ्याला घासत असेल तर बहुधा वरची बिजागरी सैल झालेली असते. लांब स्क्रू बसवले की काम भागते, नवे दार लागत नाही. कर्णांत दोन-तीन सुतांपेक्षा जास्त फरक असेल तर मात्र चौकटच वाकडी आहे. वाकड्या चौकटीत कितीही भारी दार बसवले तरी ते अडणारच.

तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराने आम्हाला माप न घेताच तयार दार घेऊन जायला सांगितले. सगळी दारे एकाच मापाची असतात, हे त्याचे म्हणणे. आमच्या सुतारचाचांनी कर्ण मोजले. फरक सहा सूत निघाला. चौकटीच्या बुडाला त्यांनी स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो बोटभर आत गेला. ते म्हणाले, “दाराला कशाला दोष देता? चौकट गेलीय.”

अम्मींचा वॉकर सहज जावा म्हणून दार रुंद हवे होते, पण मातीची भिंत तोडणे धोक्याचे. चाचांनी वाट काढली. जुन्या चौकटीचे उभे लाकूड पाच-पाच इंच रुंद होते. नवे अडीच इंचांचे घेतले. भिंतीला हात न लावता जवळपास पाच इंच मिळाले. चौकट काढण्याआधी वरच्या लाकडाला टेकू दिले. ही पायरी कधीही गाळू नका, कारण जुन्या घरात वरचा भार बरेचदा चौकटीवरच आलेला असतो. दार पूर्वी दोन कवाडांचे होते. त्यातल्या सागवानी फळ्या ठणठणीत निघाल्या, त्यांचेच एक कवाड झाले. दादांच्या हातचे लाकूड घरातच राहिले, याचे अम्मींना फार समाधान वाटले. उंबरठा अर्ध्या इंचावर आणला, बाहेर उतार केला आणि कवाडाच्या बुडाला रबराची पट्टी लावली.

नवे दार घेणाऱ्यांनी एवढे पाहावे. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत लहान माप धरावे. काम उन्हाळ्यात करावे आणि कडेला दोन सूत जागा सोडावी. श्रावणात फुगलेल्या दारावर रंधा मारला तर हिवाळ्यात फट पडते. तयार दार घेतल्यास बाहेरच्या वापराचे, पाण्याला टिकणारे आणि आयएसआय खूण असलेले मागावे. रंग देताना वरची आणि खालची कड विसरू नये. ती कुणाला दिसत नाही, पण ओल तिथूनच शिरते. जड कवाडाला तीन बिजागऱ्या हव्यात. दारावर छज्जा असेल तर दार अधिक टिकते.

आमच्याच जिल्ह्यातले शनिशिंगणापूर दारे नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथेही कुत्री आत येऊ नयेत म्हणून चौकटीला फळी लावतात. म्हणजे दाराचे काम केवळ चोराला अडवण्याचे नाही. सूरह अन-नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय जाऊ नये, अशी शिकवण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) कुणाच्या दारी गेले तर समोर उभे न राहता बाजूला उभे राहत. रात्री अल्लाहचे नाव घेऊन दार बंद करण्याची ताकीदही हदीसमध्ये आहे. जे दार नीट लागतच नाही, त्याने घरातल्यांचा पडदा कसा राहणार?

येत्या मे महिन्यात, मृगाच्या आधी, प्रत्येक घरात एक काम करावे. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आतून दार उघडून पाहायला सांगावे. त्यांना एका हाताने ते जमले नाही तर सुताराला बोलवावे. गल्लीत कुणी वृद्ध एकटे राहत असतील तर त्यांचेही दार पाहावे. दोरी आणि ओळंबा घेऊन गेलात तर पंधरा मिनिटे पुरतात. अल्लाह आपल्या सर्वांची घरे सुरक्षित ठेवो, आमीन.